आईची खाट अतिदक्षता कक्षात: सफदरजंग रुग्णालयातील तत्काळ कांगारू काळजीचे प्रकरण

बत्तीस आठवड्यांचे, दीड किलो वजनाचे बाळ जन्माला आले आहे, त्याचा श्वास जलद चालला आहे, प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे आणि ते कण्हते आहे. अशा वेळी आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत पुढे काय व्हायचे ते ठरलेले असते. बाळाला कोरडे करून नवजात अतिदक्षता कक्षात नेतात, रेडियंट वॉर्मरखाली, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवतात, नाकाला सीपॅपची (सतत दाबाने हवा देऊन श्वास सोपा करणाऱ्या यंत्राची) नळी लावतात आणि शिरेवाटे द्रव सुरू करतात. आई प्रसूतिकक्षातून प्रसूतिपश्चात वॉर्डात जाते. तो वॉर्ड पुष्कळदा दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्या इमारतीत असतो, आणि बाळाची खबर तिला नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून कळते. बाळाला आईच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत, म्हणजे कांगारू मदर केअर, या कक्षांना अपरिचित नाही. तिची पाळी येते ती बाळ ‘स्टेबल’ झाल्यावर, म्हणजे श्वास सुधारला, ऑक्सिजन निघाला, सलाइन बंद झाले की मग.

नवी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात हा क्रम उलटा करून पाहिला गेला: बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ते आईच्या छातीवर दिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने समन्वय केलेल्या एका चाचणीतील पाच रुग्णालयांपैकी हे एक. घानातील कुमासी, मलावीतील ब्लँटायर, नायजेरियातील इले-इफे आणि टांझानियातील दार-एस-सलाम येथील मोठी अध्यापन रुग्णालये हे उरलेले चार भागीदार होते. बाळांची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२० मध्ये ती मुदतीआधीच थांबवण्यात आली आणि निष्कर्ष मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. चर्चा अर्थातच मृत्युदराच्या आकड्याची झाली. या लेखात तो आकडा येईलच, पण प्रकरण म्हणून मला जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे: एक बाळ एका छातीवर ठेवण्यासाठी रुग्णालयाला आपली रचना कुठून कुठे न्यावी लागली. बाळाच्या उपचारात फारसे काही बदलले नव्हते. बदलली होती ती आईच्या खाटेची जागा.

‘स्थिर झाल्यावर’ या अटीचा हिशेब

कांगारू पद्धतीचा जन्म कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे, १९७८-७९ च्या सुमारास, एका गर्दीने भरलेल्या सरकारी प्रसूतिगृहात झाला. एका इन्क्युबेटरमध्ये दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती, जंतुसंसर्गाने बाळे दगावत होती आणि आया बाळांना तिथेच सोडून जात होत्या. एडगर रे सनाब्रिया आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी यातून वाट काढली ती यंत्राची जागा आईला देऊन. मात्र तिथेही सुरुवातीला ही काळजी दिली गेली ती आजारातून सावरलेल्या, केवळ वजन वाढण्याची वाट पाहणाऱ्या बाळांना. पुढची चाळीस वर्षे बहुतेक संशोधनाने तीच चौकट पाळली. स्थिर झालेल्या बाळांवरच्या अभ्यासांचा २०१६ चा एकत्रित आढावा सांगत होता की रुग्णालयातून घरी जाईपर्यंतच्या काळात मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारसही दोन किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळांसाठी, ‘वैद्यकीयदृष्ट्या स्थिर होताच’ अशी होती.

ही अट ऐकायला समंजस वाटते. पण नवजात बाळांचे सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात, आणि त्यातले बरेच पहिल्या दोन-तीन दिवसांत. जे बाळ स्थिर होण्याआधीच जाते, त्याच्यापर्यंत कांगारू काळजी पोहोचतच नाही. आणि जे तगते त्याच्यापर्यंत ती धोक्याचा मोठा भाग सरून गेल्यावर पोहोचते. याच चाचणीत नेहमीची पद्धत चालू ठेवलेल्या गटात कांगारू काळजी सुरू व्हायला लागलेला मध्यक काळ (निम्म्या बाळांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ५३.६ तास होता. म्हणजे ‘स्थिर झाल्यावर’ याचा व्यवहारातला अर्थ ‘तिसऱ्या दिवशी’ असा निघतो. सर्वांत प्रभावी समजला जाणारा उपाय सर्वांत जास्त गरज असलेल्यांनाच वगळून दिला जात होता, ही विसंगती डॉक्टरांना दिसत नव्हती असे नाही. भीती मात्र खरी होती: अर्धा जीव धुगधुगणाऱ्या बाळाला वॉर्मरवरून उचलून आईच्या पदराआड दिले आणि त्याचा श्वास थांबला, तर ते कळणार कोणाला?

त्या भीतीला छेद देणारा एक छोटा अभ्यास केप टाउनमध्ये निल्स बर्गमन यांनी केला होता आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १२०० ते २१९९ ग्रॅम वजनाच्या ३४ बाळांपैकी काहींना जन्मापासून आईच्या छातीवर आणि काहींना इन्क्युबेटरमध्ये ठेवून पहिल्या सहा तासांतला श्वास, नाडी आणि ऑक्सिजन मोजला, तेव्हा छातीवरची बाळे अधिक स्थिर आढळली. म्हणजे स्थैर्य ही कांगारू काळजीची पूर्वअट नसून तिचा परिणाम असू शकतो, अशी शंका घ्यायला जागा होती. पण ३४ बाळांवरून कोणताही विभागप्रमुख आपल्या कक्षाची घडी मोडत नाही, आणि मोडूही नये.

खाट हलवली म्हणजे काय काय हलले

सफदरजंग हे केंद्र सरकारचे, प्रसूतींची अफाट गर्दी असलेले रुग्णालय आहे. त्याला जोडून वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी आईला अतिदक्षता कक्षात कायमचे ठेवायचे म्हटले की पहिला प्रश्न जागेचा वाटतो, पण जागा हा त्यातला सोपा भाग. हरीश चेल्लानी, सुगंधा आर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जो माता-नवजात अतिदक्षता कक्ष उभा केला, त्यात बाळाच्या वॉर्मरशेजारी आईची खाट आली. ही खाट भेटीला आलेल्या आईने टेकण्यासाठी ठेवलेली खुर्ची नव्हे. ती रुग्ण म्हणून दाखल झालेल्या बाळंतिणीची स्वतःची खाट. हा भेद कागदावर बारीक दिसतो, पण त्यामागे सगळी व्यवस्था ओढली जाते.

कमी दिवसांचे बाळ झालेली आई पुष्कळदा स्वतः आजारी असते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, रक्तस्राव, पाणमोट लवकर फुटून झालेला संसर्ग, तीव्र रक्तक्षय: बाळ आठ आठवडे आधी येण्याची कारणे बऱ्याचदा हीच असतात. तिला झटके टाळणारे मॅग्नेशियम सल्फेट चालू असू शकते, तिच्या पोटावर सिझेरियनचे ताजे टाके असू शकतात, लघवीची नळी असू शकते. ती प्रसूतिविभागाची रुग्ण आहे. कक्ष बालरोगविभागाचा आहे. मग तिचा रक्तदाब कोणत्या सिस्टरने घ्यायचा, रक्तस्राव वाढला तर कोणाला बोलावायचे, तिचा केसपेपर कोणत्या टेबलावर राहायचा, तिचे जेवण कोणत्या वॉर्डाच्या नावावर यायचे? दोन विभागांच्या सीमेवर पडलेल्या कामाचे आपल्या रुग्णालयांत काय होते हे तिथे नोकरी केलेल्या कोणालाही सांगायला नको. या व्यवस्थेत प्रसूतितज्ज्ञ राउंडसाठी नवजात कक्षात येऊ लागले, आणि नवजात कक्षातल्या परिचारिकांना बाळंतिणीची प्राथमिक देखभाल, म्हणजे नाडी, रक्तदाब, रक्तस्राव, टाके आणि स्तनांची तपासणी, शिकवली गेली. आई आणि बाळ हे दोन विभागांचे दोन रुग्ण न राहता एकत्र पाहायची जोडी झाली.

बाकीचे बदल कुरकुरीचे विषय ठरावेत असे, पण त्यांच्याशिवाय काम पुढे सरकत नाही. आयांसाठी लगतचे स्वच्छतागृह, अंघोळीची सोय, वेळेवर गरम जेवण, पुढून उघडणारे गाऊन, पडद्यांची आडोशाची सोय, आणि डोक्याकडून उंच होणारी खाट. यातले एकही वैद्यकीय उपकरण नाही, आणि बहुतेक नवजात कक्षांच्या खरेदी-यादीत यातले काहीच नसते. त्यातून आणखी एक जुना नियम मोडीत निघाला: अतिदक्षता कक्षात नातेवाईक नकोत, ते जंतू आणतात. आईला दिवसभर बाळ छातीवर धरता येत नाही. तिला उठावे लागते, झोपावे लागते, कधी ती स्वतःच शुद्धीवर नसते. म्हणून तिने सुचवलेल्या एक-दोन नातेवाइकांना पर्यायी काळजीवाहक म्हणून आत घेतले गेले. आजी, मावशी, नणंद, बाळाचा बाप. सिझेरियननंतरचे पहिले काही तास बाळ कोणाच्या तरी छातीवर असायचे ते याच व्यवस्थेमुळे.

मराठी वाचकाला यात एक गंमत वाटेल. आपल्याकडच्या जुन्या बाळंतिणीच्या खोलीत आई आणि बाळ दहा-बारा दिवस एकमेकांपासून हलत नसत. तिथल्या शेगडीच्या धुराचे, कोंदटपणाचे आणि पहिल्याच दिवशीच्या अंघोळीचे दोष दाखवायला आधुनिक वैद्यक बरोबर होते, पण दोष काढताना त्याने जोडीही तोडली, आणि ती परत जोडायला पाच देशांतली चाचणी लागली.

बाळ छातीवर नेमके कसे राहते

ज्यांनी ही काळजी फक्त चित्रांत पाहिली आहे त्यांना वाटते की हे वात्सल्याचे काम आहे. प्रत्यक्षात, सीपॅपवरचे बाळ छातीवर घेणे हे बारकाईचे कौशल्य आहे. आई तीस ते पंचेचाळीस अंशांत मागे रेललेली हवी. सपाट झोपलेल्या आईवर ठेवलेले बाळ पालथे पडल्यासारखे होते आणि त्याचा श्वास जड होतो. बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट याखेरीज काही नाही. ते उभे, दोन्ही स्तनांच्या मधोमध, छातीला छाती लावून ठेवले जाते. हात कोपरात आणि पाय मांड्यांत दुमडून बाहेरच्या बाजूला, बेडकासारखे. मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित मागे. हा ‘किंचित’ फार महत्त्वाचा, कारण मान पुढे झुकली तर या वयाच्या बाळाची मऊ श्वासनलिका मुडपते आणि जास्त मागे गेली तरी तेच होते. त्यावरून ताणणाऱ्या कापडाचा पट्टा बांधतात. त्याची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यायला हवी, आणि छातीवर तो घट्ट पण पोटावर सैल हवा, कारण हे बाळ पोटाने श्वास घेते. सीपॅपच्या नळ्या आईच्या गाउनला चिकटवतात, म्हणजे ती हलली तरी नाकातला जोड ओढला जात नाही. पायाला पल्स ऑक्सिमीटर, नाकातून किंवा तोंडातून पोटात गेलेली नळी, हाताला सलाइन. हे सगळे बाळाबरोबर आईच्या अंगावर येते.

बाळ वॉर्मरवरून उचलताना दोन माणसे लागतात: एक बाळ उचलते, दुसरी नळ्या सांभाळते. पहिल्या काही मिनिटांत ऑक्सिजन किंचित घसरू शकतो आणि सावरतो. अनुभवी सिस्टर या घसरणीला घाबरून बाळ परत वॉर्मरवर नेत नाही, आणि अननुभवी सिस्टर नेते. कांगारूचे तास कमी भरण्याचे एक कारण या क्षणात दडलेले असते असे मला वाटते, आणि ते प्रशिक्षणाच्या तक्त्यात कधी दिसत नाही.

उपचार मात्र जसे वॉर्मरवर असते तसेच. चाचणीच्या दोन्ही गटांना तीच किमान काळजी होती: सीपॅप, ऑक्सिजनची देखरेख, शिरेवाटे द्रव, जंतुसंसर्गाची तपासणी आणि प्रतिजैविके, आईचे दूध. ज्यांना श्वासाचे यंत्र लावावे लागले, ज्यांचे रक्ताभिसरण कोसळले, किंवा पुनरुज्जीवन करूनही जी बाळे स्वतःहून श्वास घेईनात, त्यांना छातीवर ठेवणे हा या प्रयोगाचा भाग नव्हता. ‘अस्थिर’ या शब्दाची ही हद्द ध्यानात ठेवायला हवी, कारण चाचणीचा निष्कर्ष सांगताना ती हमखास गळून पडते.

आकडे, आणि त्यांच्याकडे कसे पाहावे

चाचणीत १ किलो ते १.७९९ किलो वजनाची ३२११ बाळे सामील झाली. ठरलेली संख्या ४२०० होती. स्थिर होण्याची वाट न पाहता काळजी सुरू केलेल्या, म्हणजे तत्काळ गटात जन्मानंतर कांगारू काळजी सुरू होण्याचा मध्यक काळ १.३ तास, आणि अतिदक्षता कक्षात असताना त्वचेला त्वचा लागण्याचा दैनंदिन मध्यक काळ १६.९ तास होता. नेहमीच्या गटात हा दैनंदिन काळ १.५ तास. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत तत्काळ गटातली १२ टक्के बाळे दगावली आणि नेहमीच्या गटातली १५.७ टक्के. धोक्यातली सापेक्ष घट २५ टक्के. म्हणजे सुमारे सत्तावीस बाळांना अशी काळजी दिली तर एक जास्तीचा जीव वाचतो. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख मंडळाने हा फरक पाहून नोंदणी थांबवण्याची शिफारस केली, कारण निम्म्या बाळांना या काळजीपासून दूर ठेवणे आता समर्थनीय राहिले नव्हते.

आता याच आकड्यांतला जो भाग कमी सांगितला जातो तो. चाचणीचे मुख्य निकष दोन होते: अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू आणि पहिल्या बहात्तर तासांतले मृत्यू. दुसऱ्या निकषावर आकडे ४.६ विरुद्ध ५.८ टक्के आले. दिशा तीच, पण हा फरक योगायोगाने आला नसावा असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता येत नव्हते. हे आश्चर्यकारक आहे, कारण संपूर्ण कल्पना पहिल्या तासांवर उभी होती. लाभ त्या पहिल्या तीन दिवसांनंतरच्या काळात अधिक ठळक दिसतो, आणि कारण शोधायला गेलो की नजर जंतुसंसर्गाकडे जाते. संशयित सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, तत्काळ गटात २२.९ आणि नेहमीच्या गटात २७.८ टक्के बाळांत आढळला. अंग थंड पडण्याचे प्रमाण ५.६ विरुद्ध ८.३ टक्के होते.

छातीची ऊब हे कारण सर्वांना पटते, आणि ते खरेही आहे: या बाळाच्या त्वचेखाली चरबी नसते, उष्णता तयार करणारी तपकिरी चरबी तोकडी असते, आणि ३६.५ अंशांखाली गेलेले बाळ ऑक्सिजन व साखर जाळत बसते. पण ऊब वॉर्मरही देतो. जे वॉर्मर देत नाही ते म्हणजे आईच्या त्वचेवरचे तिचे, घरचे जंतू, जे बाळाच्या अंगावर आधी वसले की रुग्णालयातल्या निबर जंतूंना जागा कमी उरते. पहिल्या तासापासून शेजारी असलेले दूध. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे कमी हात. आई छातीवर बाळ घेऊन बसली की ते दर अर्ध्या तासाला वेगवेगळ्या माणसांकडून उलटसुलट होत नाही, आणि श्वास थांबल्याची पहिली जाणीव मॉनिटरच्या आधी तिच्या छातीला होते. ‘कळणार कोणाला’ या भीतीचे उत्तर हे आहे. यातला किती वाटा कशाचा, हे चाचणीतून वेगळे काढता येत नाही. चाचणीने छातीची नव्हे, तर एका पूर्ण पुडक्याची परीक्षा केली: आई, तिची खाट, तिचे दूध, नातेवाईक आणि परिचारिकांची अधिक नजर. ज्या कक्षात आई आहे तिथे कर्मचारी जास्त सजग राहतात, ही शक्यताही नाकारता येत नाही. गट कोणता हे कर्मचाऱ्यांपासून झाकून ठेवणे शक्यच नव्हते. वेळेआधी थांबवलेल्या चाचण्या परिणाम थोडा फुगवून दाखवू शकतात, हाही आक्षेप नोंदवायला हवा. या कारणांनी निष्कर्ष बाद ठरत नाही. उलट, प्रत्यक्षात आणायचे असेल तर पुडकेच आणावे लागेल, त्यातला एकच पदार्थ वेचून चालणार नाही, असे ते सांगतात.

याचा पुरावा आफ्रिकेतल्याच इतर दोन प्रयत्नांतून मिळतो असे माझे वाचन आहे. गांबियातल्या २७९ बाळांच्या चाचणीत लवकर कांगारू काळजीने मृत्युदरात निश्चित फरक पडल्याचे दिसले नाही. युगांडातल्या पाच रुग्णालयांत ७०० ते २००० ग्रॅम वजनाची दोन हजारांहून अधिक बाळे घेऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सात दिवसांतला मृत्युदर दोन्ही गटांत ७.५ टक्केच. काळजीने अपाय झाला नाही, पण मृत्यू कमी झाल्याचेही सिद्ध झाले नाही. तिथे त्वचेला त्वचा लागण्याचे रोजचे तास सफदरजंग आणि भागीदारांच्या सतरा तासांच्या जवळपासही नव्हते. तास हेच कारण होते असे ठामपणे म्हणता येत नाही. पण ज्यांना ‘लवकर’ या शब्दावर भर द्यायचा आहे त्यांनी ‘किती वेळ’ हा प्रश्न आधी सोडवावा. आई कक्षात राहत नसेल तर सतरा तास भरणार नाहीत, हे गणित साधे आहे.

नियम बदलला, कक्ष कधी बदलणार

नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. ‘स्थिर झाल्यावर’ ही अट गेली. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या सर्व बाळांना जन्मानंतर लवकरात लवकर, दिवसाचे आठ ते चोवीस तास, शक्य तितका वेळ कांगारू काळजी द्यावी असे तिने सांगितले. भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही माता-नवजात काळजी कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कांगारू काळजीच्या सरकारी सूचना तशा २०१४ पासून आहेत, पण त्यात कांगारू ही एक स्वतंत्र खोली होती, अतिदक्षता कक्षानंतरची.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी ती आजही मोलाची सोय आहे. तरी आई शेजारी असेल तर पेढीवर येणारा भार किती कमी होईल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या प्रशिक्षित महिलांकडून घरातल्या बाळाची काळजी घेऊन नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आणल्याचे १९९९ मध्ये दाखवले. पुढे हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत १५०० ते २२५० ग्रॅमच्या बाळांना घरीच कांगारू काळजी सुरू करून झालेल्या चाचणीत, आठ हजारांहून अधिक बाळांमध्ये, नवजात मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे घर आणि आई यांच्यापासून दूर नेण्याने बाळाचे भले होते हे गृहीतक भारताच्या भूमीवर बरेच आधीपासून डळमळत होते.

जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात, उद्या माता-नवजात कक्ष करायचा म्हटला तर अडचण कुठे येईल याचा अंदाज बांधता येतो. वॉर्मर आणि सीपॅप बऱ्याच ठिकाणी आहेत. आडोसा, खाटा आणि स्वच्छतागृह यांना पैसे लागतात, पण ते मागता येतात. परिचारिकांची संख्या हा खरा तिढा आहे: एका पाळीत एका सिस्टरकडे डझनभर बाळे असतील आणि त्यांच्यासोबत तितक्याच आया आल्या, तर काम दुप्पट होणार असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. काही काम कमी होते, कारण आई बाळाला दूध काढून देते, लंगोट बदलते आणि रंग फिकटला की हाक मारते. पण ही बचत पहिल्या महिन्यात जाणवत नाही, तेव्हा फक्त शिकवण्याचा भार जाणवतो. त्याहून अवघड प्रश्न प्रसूतिविभागाचा. आईला रक्तदाबाचे झटके येण्याची भीती असताना तिला त्यांच्या नजरेआड, दुसऱ्या विभागाच्या खोलीत पाठवायला ते तयार होणार नाहीत, आणि त्यांची काळजी रास्त आहे. सफदरजंगमध्ये हा प्रश्न मिटला तो दोन्ही विभागांनी एका छताखाली राउंड घेतल्यामुळे, परिपत्रकामुळे नव्हे. जिथे प्रसूतिकक्ष आणि नवजात कक्ष यांच्यात दोन इमारतींचे अंतर आहे, तिथे कांगारूच्या पट्ट्यांची खरेदी करण्याआधी बांधकाम विभागाला बोलावणे जास्त उपयोगाचे ठरेल.

एक किलोखालच्या बाळांचे, आणि श्वासाच्या यंत्रावर असलेल्या बाळांचे काय, हा प्रश्न या प्रकरणाने सोडवलेला नाही. स्टॉकहोम, स्टावांगर आणि तुर्कू या नॉर्डिक शहरांत २८ ते ३३ आठवड्यांदरम्यान जन्मलेल्या बाळांना जन्मानंतर सहा तास आईच्या किंवा बाबाच्या छातीवर ठेवून पाहिले गेले आणि हृदय-श्वसनाची स्थिरता चांगली राहिल्याचे दिसले. पण तिथला प्रत्येक कक्ष आधीच कुटुंबासाठी खुला होता आणि प्रत्येक बाळामागे मनुष्यबळ भरपूर होते. आपल्याकडे तो टप्पा येईपर्यंत १ ते १.८ किलोच्या, सीपॅपवरच्या बाळांपुरती ही काळजी नीट उभी राहिली तरी काम मोठे आहे. त्यासाठी पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर बाळाच्या नावासमोर आईची खाट क्रमांकासह लिहिलेली असावी लागेल.